मागील वर्षाचा रकाना

बँकेच्या नोकरीत माझ्या नजरेखालून किती ताळेबंद गेले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. धान गिरणीचे, कापडाच्या पेढीचे, पितळी भांड्यांच्या कारखान्याचे, किराण्याच्या ठोक व्यापाऱ्याचे, तेंदूपानाच्या ठेकेदाराचे. भंडारा जिल्ह्यात व्यापाराचे जेवढे प्रकार आहेत, त्या बहुतेकांचे कागद माझ्या टेबलावर येऊन गेले. त्या सर्वांत एक गोष्ट समान असे. प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने असत. एक चालू वर्षाचा आणि दुसरा मागील वर्षाचा. कंपनी कायद्याने तर मागील वर्षाचे आकडे शेजारी देणे बंधनकारकच केले आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असताना तो नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ पुढे नोकरीत हळूहळू उलगडत गेला.

ताळेबंदात शेजारच्या दुकानदाराचा रकाना नसतो. पेढीची प्रगती मोजायची ती तिच्याच कालच्या स्थितीशी, असे हिशेबशास्त्र गृहीत धरते. भांडवल वाढले का, येणे वेळेवर वसूल झाले का, देणे कमी झाले का, पडून राहिलेला माल किती, या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्याच वहीत शोधावी लागतात. निवृत्तीनंतर निवांतपणे विचार करताना मला वाटू लागले की, माणसाच्या आयुष्याचा ताळेबंदही याच पद्धतीने मांडला पाहिजे; आणि आपल्या धर्माने तो तसाच मांडायला शिकवले आहे.

व्यवहारात मात्र काय दिसे? कर्जाच्या नूतनीकरणासाठी आलेले सद्गृहस्थ कागदांवर सह्या करून झाल्यावर खुर्ची थोडी पुढे ओढत आणि आवाज खाली आणून विचारत, “साहेब, समोरच्या पेढीला लिमिट किती दिली आहे?” बँकेने ग्राहकाच्या व्यवहाराची गुप्तता पाळावी, हे बंधन 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यातच आहे. त्यामुळे मी हसून विषय बदलत असे. पण त्या प्रश्नाने मी पुष्कळदा विचारात पडे. या गृहस्थांची विक्री वाढलेली असे, मुले शिकत असत, घरात धर्म होता. तरी त्यांचे समाधान समोरच्या पेढीच्या लिमिटवर अवलंबून होते. आपल्या सुखाची किल्ली त्यांनी होऊन दुसऱ्याच्या हाती देऊन टाकली होती.

एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगणे बँकेच्या शिस्तीत बसत नाही आणि त्याची गरजही नाही. दोन चुलतभावांची वाटणी झाली. दोघांच्याही वाट्याला एकेक धान गिरणी आली. वाटणीच्या वेळी काही शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून दोन घरांतले जाणे-येणे थांबले. पुढे धाकट्याने तांदळातील काळे दाणे वेगळे करणारे सॉर्टेक्स यंत्र बसवले. सहा महिन्यांच्या आत थोरल्याने त्याहून मोठे यंत्र घेतले आणि गिरणीची क्षमताही दुप्पट केली. आपल्याकडे धानाचा मुख्य हंगाम खरिपाचा. गिरणी मोठी केली म्हणून शेतात धान जास्त पिकत नाही, ही साधी गोष्ट त्या ईर्षेत मागे पडली. यंत्र वर्षातील कित्येक महिने थांबून राही. कर्जाचे व्याज मात्र एक दिवसही थांबत नसे.

धाकटा भाऊ वेगळ्या स्वभावाचा निघाला. त्याच्या कार्यालयात एक जाड वही असे. त्यात तो रोज तीन-चार आकडे लिही: आज किती क्विंटल धान भरडले, अखंड तांदूळ किती निघाला, कणी किती पडली, विजेचे युनिट किती लागले. शासकीय भरडाईत क्विंटलभर धानामागे 67 किलो तांदूळ जमा करावा लागतो. त्यामुळे उतारा किलो-अर्ध्या किलोने सुधारला, तरी वर्षाअखेर मोठा फरक पडतो. त्याचे सारे लक्ष त्या किलो-अर्ध्या किलोवर होते. सुकवण कशी सुधारावी, रबरी रोल केव्हा बदलावेत, कोणत्या वाणाचे धान किती ओलाव्यावर भरडावे, हाच त्याचा अभ्यास. भावाच्या गिरणीविषयी त्याने माझ्यापाशी कधी एक शब्द काढला नाही. काही वर्षांनी थोरल्याला जमीन विकून कर्ज फेडावे लागले. त्या सुमारास धाकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, दादाचे खाते बँकेने सांभाळून घ्यावे. काही कमी पडले तर मला सांगा.” बोलणे बंद असलेल्या भावासाठी तो हे बोलत होता. ज्याला भावाला हरवायचेच नव्हते, त्याला भाऊ हरल्याचा आनंद होण्याचे कारण नव्हते.

येथे कोणी व्यापारी बंधू म्हणतील, “साहेब, हे लेखात ठीक आहे. बाजारात स्पर्धा असतेच. आम्ही पुढे गेलो नाही तर दुसरा आम्हाला मागे टाकेल.” ही शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. स्पर्धा असावीच. ग्राहकाला चांगला माल, पुरे माप आणि वाजवी भाव त्यामुळेच मिळतो. शेजाऱ्याकडून शिकण्यातही काही गैर नाही. त्याचे दुकान अधिक स्वच्छ असेल तर आपलेही करावे. प्रश्न आहे तो हेतूचा. माझा माल सुधारावा म्हणून मी केलेले श्रम आणि त्याचे दुकान बंद पडावे म्हणून मी सोसलेला तोटा, या दोहोंची नोंद एकाच खात्यात होऊ शकत नाही. अमुक पेढी अडचणीत आहे, अशी कुजबुज बाजारात सोडून देणे हा तर त्याहून मोठा दोष. पेढी पतीवर चालते. एका खोट्या वाक्याने देणेकरी एकाच दिवशी दारात उभे राहतात आणि चांगली पेढीसुद्धा कोलमडते. सत्याणुव्रत आणि अहिंसाणुव्रत घेणाऱ्या श्रावकाने या कुजबुजीला हिंसेतच धरले पाहिजे.

विजयाची आकांक्षा आपल्या धर्माला वर्ज्य नाही. ‘जिन’ म्हणजे जिंकणारा. अरिहंत म्हणजे शत्रूंचा नाश करणारा. वर्धमानांना आपण महावीर म्हणतो. हे सारे शब्द रणांगणातले आहेत. आपल्या धर्माने फक्त शत्रू कोण हे बदलले. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय हाच शत्रूपक्ष आणि त्यांचा मुक्काम आपल्याच अंतरंगात. शेजाऱ्याला हरवून यांतील एकही शत्रू मरत नाही. उलट मान नावाचा शत्रू अधिक पुष्ट होतो.

भरत आणि बाहुबली यांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. श्वेतांबर आणि दिगंबर परंपरांत तिचे तपशील थोडे वेगळे आहेत, पण गाभा एकच. सैन्यांचा संहार टळावा म्हणून दोघे भाऊ एकटेच लढले आणि बाहुबली जिंकले. जिंकल्याच्या त्या क्षणी त्यांना विजयाची असारता दिसली आणि त्यांनी राज्य सोडले. कथेचा हा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. राज्य सोडून, वर्षभर अचल उभे राहून, अंगावर वेली चढेपर्यंत तप करूनही त्यांना केवलज्ञान झाले नाही, कारण मनात एक शल्य उरले होते. श्वेतांबर परंपरा सांगते की, आपल्या आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, म्हणून ते भगवान ऋषभदेवांकडे गेले नाहीत. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन ‘हत्तीवरून खाली उतरण्याची’ सूचना केली, तेव्हा तो मानरूपी हत्ती त्यांना उमगला. वंदनासाठी पाऊल उचलले आणि केवलज्ञान झाले. चक्रवर्तीला हरवणारा वीर स्वतःच्या मनातील ‘मी मोठा की ते मोठे’ या एका प्रश्नापाशी अडला होता. राज्य सुटले तरी तुलना सुटत नाही, हे या कथेइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

कथा पुराणातील आहे, आजच्या बाजारात तिचा काय उपयोग, असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी मुंबईच्या जव्हेरी बाजारातले उदाहरण आहे. श्रीमद् राजचंद्र, म्हणजे महात्मा गांधींचे रायचंदभाई, 1867 मध्ये सौराष्ट्रातील ववाणिया येथे जन्मले. एकाच वेळी अनेक गोष्टींवर अवधान ठेवण्याची विलक्षण शक्ती त्यांच्यापाशी होती. 1887 मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत जाहीर सभेत शंभर अवधाने करून दाखवली. शहरभर नाव झाले, सुवर्णपदक मिळाले, विलायतेत जाऊन प्रयोग करण्याची सूचना पुढे आली. त्यांनी ती स्वीकारली नाही आणि पुढे असे प्रयोग करणेही सोडून दिले. लोकांना थक्क करण्याने आत्म्याची एक पायरीही चढली जात नाही, हे त्यांना त्या कोवळ्या वयात कळले.

बॅरिस्टर होऊन 1891 मध्ये परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी मुंबईत भेट झाली. गांधीजींनी विलायतेत शिकलेल्या भाषांतील शब्दांची लांबलचक यादी त्यांच्यापुढे वाचली. रायचंदभाईंनी तेच शब्द त्याच क्रमाने परत सांगितले. पण गांधीजी आत्मकथेत लिहितात की, ते मोहित झाले ते या शक्तीवर नव्हे. त्यांना भावली ती रायचंदभाईंची आत्मदर्शनाची तळमळ. हिरे-मोत्यांचे लाखोंचे व्यवहार करणारा हा व्यापारी सौदा संपताच धर्मग्रंथ किंवा स्वतःची रोजनिशी उघडून बसे. गादीवर व्यापाराची वही आणि आत्म्याची वही शेजारी शेजारी असत. त्यांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग सांगतात. त्यांच्याशी जवाहिराचा सौदा केलेल्या एका व्यापाऱ्यावर भाव फिरल्यामुळे सर्वस्व गमावण्याची वेळ आली. कायद्याने रायचंदभाईंचे येणे पक्के होते. त्यांनी तो करारनामाच फाडून टाकला. समोरचा माणूस उद्ध्वस्त करून मिळणारा नफा त्यांनी नफ्यात धरला नाही.

आपल्या जवळचे एक उदाहरणही सांगावेसे वाटते. भंडारा रोड स्थानकावरून हावड्याकडे जाणारी गाडी तुमसर रोड, गोंदिया मागे टाकत डोंगरगडला पोहोचते. तेथील चंद्रगिरी तीर्थावर 18 फेब्रुवारी 2024 रोजी आचार्य श्री विद्यासागर महाराजांनी समाधिपूर्वक देह ठेवला. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांनी रामटेक येथे त्यांचे दर्शन घेतले आहे. त्यांच्या आचार्यपदाची हकीकत मात्र नव्या पिढीला सांगायला हवी. त्यांचे गुरू आचार्य ज्ञानसागर महाराज हे संस्कृतचे प्रकांड पंडित, ‘जयोदय’ महाकाव्याचे कर्ते. 22 नोव्हेंबर 1972 रोजी राजस्थानातील नसीराबाद येथे ते आपल्या आसनावरून खाली उतरले, सव्वीस वर्षांच्या शिष्याला त्यांनी त्या आसनावर बसवले आणि आपली सल्लेखना त्यानेच करवावी अशी त्याला विनंती केली. ज्याला चार वर्षांपूर्वी स्वतः दीक्षा दिली, त्याच्यापुढे वृद्ध गुरूने मस्तक नमवले. ज्या ‘मी मोठा की ते मोठे’ या प्रश्नापाशी बाहुबली वर्षभर अडले होते, तो प्रश्न ज्ञानसागर महाराजांनी एका नमस्काराने सोडवला.

पेढीची गादी मुलाच्या हाती देताना आपल्यापैकी किती जण असे मनापासून खाली उतरतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

अशी उज्ज्वल परंपरा असताना तुलनेने आपल्या धर्मस्थानांतही शिरकाव केला आहे, हे नम्रपणे नमूद केले पाहिजे. बोलीमुळे मंदिरांचे, पाठशाळांचे, जीवदयेचे कार्य चालते. तिला माझा विरोध नाही. परंतु अमक्याने घेतली म्हणून आपण चढवायची, अशी बोली लागते तेव्हा दान जाते आणि मान घरी येतो. तपाचेही तसेच. कोणी अठ्ठाई केली, कोणी मासक्षमण केले, याची अनुमोदना अवश्य करावी. पण घरातल्या सुनेला एकासनही झेपत नसताना शेजारच्या सुनेचे उपवास मोजून दाखवणे ही अनुमोदना नव्हे. ज्याला काल रागाच्या भरात नोकरावर ओरडल्याशिवाय दुकान चालवता येत नव्हते आणि आज ते साधले, त्याचेही तप मोठेच आहे. फक्त त्याची मिरवणूक निघत नाही.

सर्वांत अधिक झळ पोहोचते ती मुलांना. “बघ, त्यांच्या मुलाला किती टक्के पडले” हे वाक्य आपल्या घरांत जेवणाच्या ताटाबरोबर वाढले जाते. आपल्या समाजातील पुष्कळ मुले सी.ए.ची परीक्षा देतात. त्या परीक्षेचा नियम पालकांनी समजून घ्यावा. प्रत्येक विषयात किमान 40 टक्के आणि गटाच्या एकूण गुणांत 50 टक्के मिळवणारा उत्तीर्ण होतो. शेजारचा मुलगा पास झाला म्हणून आपला मुलगा नापास होत नाही. मुलाची झुंज त्या रेषेशी आणि स्वतःच्या मागच्या प्रयत्नाशी असते. दोनदा अपयश आलेल्या मुलाला “मागच्या वेळेपेक्षा कोणता विषय सुधारला?” असे विचारले तर तो पुन्हा टेबलाशी बसतो. “अमक्याचा मुलगा तर पहिल्याच वेळी झाला” असे ऐकवले तर तो घरातल्या माणसांसमोर यायलाच टाळू लागतो. दोन्ही प्रकारची घरे मी पाहिली आहेत.

आपला जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. पूर्वजांनी बांधलेल्या या तलावांच्या भरवशावर येथे धान पिकत आले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले, देखभाल कमी झाली आणि अनेक तलाव गाळाने भरले. आपण त्यांना आज मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. अशा तलावावर पाऊस पूर्वीसारखाच पडतो, पण पाणी ठरत नाही. शेजारच्या गावचा तलाव फोडला तरी आपल्या तलावात एक घागरही जास्त पाणी मावणार नाही. त्यासाठी आपल्याच तलावाचा गाळ उपसावा लागतो. निर्जरा म्हणतात ती हीच. आत साचलेले कर्म थोडे थोडे उपसणे. आणि नवा गाळ येऊ नये म्हणून काठावर बांध घालणे, तो संवर.

हा गाळ मोजण्याची रीत आपल्या पूर्वाचार्यांनी फार काटेकोर घालून दिली आहे. बँकेत दिवसाची रोकड आणि पुस्तक जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. एका रुपयाचा फरक शोधायला आम्ही रात्री उशिरापर्यंत थांबलेलो आहोत. त्यानंतर पंधरवड्याची विवरणपत्रे, तिमाही आणि 31 मार्चची वार्षिक बंदी. प्रतिक्रमणाची रचना पाहा: सायंकाळचे दैवसिक, पहाटेचे रात्रिक, पंधरवड्याचे पाक्षिक, चार महिन्यांचे चातुर्मासिक आणि वर्षाचे सांवत्सरिक. बँका निघण्याच्या कितीतरी शतके आधी आत्म्याच्या हिशेबाचे हे वेळापत्रक तयार होते. आणि या संपूर्ण हिशेबात ‘त्याने काय केले’ हा प्रश्न एकदाही येत नाही. मी काय केले, कोठे चुकलो, एवढेच विचारले जाते.

वाचकहो, येत्या दिवाळीला चोपडीपूजन कराल तेव्हा एक लहानशी वही वेगळी काढून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तिच्यात रोज रात्री दोन मिनिटे पुरतील एवढेच लिहावे. आज कोणावर विनाकारण रागावलो का? मापात, भावात किंवा शब्दात कोणाला कमी दिले का? कोणाचे नुकसान ऐकून मनाला बरे वाटले का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना लेखणी अडखळेल. तेथेच अधिक वेळ थांबावे. ही वही कोणाला दाखवायची नाही, तिचे ऑडिट कोणी करणार नाही, तिच्यावर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. वर्षभराने पुढच्या चोपडीपूजनाला ती उघडावी आणि तिसऱ्या प्रश्नापुढे ‘हो’ किती वेळा लिहिले गेले, ते मोजावे. तो आकडा पुढील वर्षी थोडा जरी खाली आला, तरी त्या वर्षी आपण नफ्यात राहिलो असे समजावे.

जय जिनेंद्र.